मुरुमांचे डाग वेगळे, खड्डे वेगळे

दिवसा खिडकीशी असं उभं राहा, की उजेड गालावर बाजूने पडेल. हातात आरसा धरा आणि मुरूम जिथे होता तिथे बोट फिरवा. बोटाला काही लागलं नाही, फक्त तपकिरी ठिपका दिसला, तर तो रंगाचा डाग. कडेला सावली पडली, बोट खाली उतरलं, तर तो खड्डा. चेहऱ्यावर एक रुपयाही खर्च करण्याआधी हे पाहून घ्यायला हवं, कारण एकाचा उपचार दुसऱ्याला लागू पडत नाही. खड्डा भरेल या आशेने वर्षभर क्रीम चोळणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं.

डाग पडतो तो दाहामुळे. मुरूम सुजला की त्वचेतल्या रंगपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार करतात, आणि आपल्यासारख्या गहूवर्णी-सावळ्या त्वचेत हे जास्त होतं. बहुतेक डाग काही महिन्यांत आपोआप फिके होतात, उन्हात मात्र गडद होत राहतात. म्हणून सनस्क्रीन रोज लावायचं. त्यात आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन आपल्याला जास्त उपयोगी, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग वाढवतो. जोडीला डॉक्टर लावायला अडॅपलीन किंवा अझेलिक अ‍ॅसिड देतात. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांनी त्वचा भाजते आणि नवा डाग पडतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइड मिसळलेली 'गोरेपणाची' क्रीमं तर त्याहून घातक. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मुरूम पुन्हा उसळतात.

खड्ड्यांचं गणित निराळं. खोलवरच्या सुजेत कोलॅजेन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन, तुटतं आणि ते पुरेसं भरून येत नाही. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल, उभ्या कडांचे पसरट, आणि लाटांसारखे उथळ असे त्यांचे तीन प्रकार असतात. एकाच गालावर तिन्ही सापडतात, म्हणून एकाच मशीनने सगळं जाईल असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

अरुंद खड्ड्यांसाठी कोरियातल्या डॉक्टरांनी 2002 मध्ये एक साधी पद्धत मांडली. टोकदार काडीने 65 ते 100 टक्के तीव्रतेचं ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवायचं. काही सेकंदांत तो बिंदू पांढराफटक होतो. पुढे खपली धरते, पडते आणि आतून नवं कोलॅजेन तयार होऊ लागतं. हे घरी करायचं काम अजिबात नाही. अ‍ॅसिड बाजूला सांडलं तर कायमचा व्रण राहतो.

लाटांसारख्या खड्ड्यांत त्वचा खालच्या तंतूंनी ओढून धरलेली असते, गोधडीचा टाका कापड खाली ओढतो तशी. बधिर करून त्वचेखाली सुई घालतात आणि ते तंतू तोडतात. तुटताना डॉक्टरांच्या हाताला बारीक करकर जाणवते. याला सबसिजन म्हणतात. नंतर थोडे दिवस गाल काळानिळा दिसतो.

उथळ आणि पसरट खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर ठिपक्याठिपक्यांनी मारलेलं लेझर) वापरतात. लेझरने परिणाम चांगला मिळतो, पण सावळ्या त्वचेवर त्यातून नवे काळे डाग पडण्याचा धोका खरा आहे. मायक्रोनीडलिंगमध्ये तो कमी, म्हणून आपल्याकडे सुरुवात तिथून करणं मला शहाणपणाचं वाटतं. साधारण महिना-दीड महिन्याच्या अंतराने चार-सहा बैठका लागतात. कोलॅजेन हळूहळू साठतं, त्यामुळे खरा फरक तीन ते सहा महिन्यांनी कळतो. खड्डे उथळ होतात, पूर्ण पुसले जात नाहीत.

जबडा, छाती, खांदे इथे उलट त्वचा जाड होऊन गाठी येतात. त्यांत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात.

नवे मुरूम येतच असतील तर आधी ते थांबवायला हवेत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा. पूर्वी गोळ्या बंद केल्यावर खड्ड्यांच्या उपचारासाठी सहा महिने थांबायला सांगत. आता सौम्य पील (त्वचेचा वरचा थर सोलणारा रासायनिक लेप) आणि मायक्रोनीडलिंगसाठी तेवढी वाट पाहायला लावत नाहीत.