नळी हाताला गार लागते, मग पाणी तापते कसे?

सोलर बंबाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बंब बसवून आठ-दहा दिवस झाले की दुकानात हमखास फोन येतो. "भर दुपारी गच्चीवर जाऊन नळ्यांना हात लावला, गार आहेत. काहीतरी बिघडलंय." पाणी तापतंय का, असे आम्ही विचारतो. "पाणी कडक येतंय हो, पण नळ्या गार आहेत!"

बंब बिघडलेला नाही. नळी बाहेरून गार लागणे हीच ती धडधाकट असल्याची खूण आहे. असे का, हे फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक.

सुरुवात उन्हापासून करू. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे आणि मधली जवळजवळ सगळी वाट रिकामी आहे, हवासुद्धा नाही. तरी ऊन ८ मिनिटे २० सेकंदांत पोचते, कारण प्रकाश ही विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची लहर आहे. तिला चालायला हवा किंवा पाणी लागत नाही. मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६५ साली हे गणिताने मांडले. रेडिओच्या लहरी, दवाखान्यातला एक्स-रे आणि ऊन ही सगळी एकाच घरची भावंडे. फरक फक्त लहरीच्या लांबीचा.

डोळ्यांना दिसतो तो उन्हाचा साधारण निम्माच भाग. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. त्या न दिसणाऱ्या लहरींना आपण अवरक्त किरण म्हणतो. बंबाची सगळी करामत या किरणांशी जोडलेली आहे.

आता लहर वस्तूवर पडली की काय होते ते पाहा. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तर तो उंच जातो, भलत्याच लयीत दिले तर जागच्या जागी डगमगतो. वस्तूतल्या इलेक्ट्रॉनांचे आणि अणूंचे तसेच आहे. हिरव्या प्रकाशाची लहर सेकंदाला सुमारे ६०० लाख कोटी धक्के देते. काचेतल्या इलेक्ट्रॉनांना ही लय मानवत नाही, ते ऊर्जा घेत नाहीत आणि प्रकाश आरपार जातो. काच पारदर्शक दिसते ती म्हणून. पण साधारण ३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब लहरी आल्या की काचेतले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणूच त्यांच्या लयीत डोलू लागतात आणि त्या लहरी गिळून टाकतात. आपल्याला स्वच्छ दिसणारी काच अशा लहरींना भिंतीसारखी असते. धातूत मात्र इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. लांब लहर आली की ते लगेच हलतात आणि तिला परत फेकतात, आरशासारखे.

तुमच्या बंबाच्या नळीत प्रत्यक्षात दोन नळ्या आहेत, एकात एक. बाहेरची साधारण ५८ मिलिमीटर जाडीची, आतली ४७ ची. मधली हवा काढून टाकलेली असते. चहाच्या थर्मासचीच ही रचना. आतल्या पाण्याची ऊब बाहेर न्यायला मध्ये हवाच नाही, म्हणून बाहेरची काच तापत नाही आणि हाताला गार लागते.

पण एवढ्यावर काम भागत नाही. पोकळीतून ऊन आत येते, तशीच आतल्या गरम नळीची ऊब किरणांच्या रूपाने बाहेरही जाऊ शकते. थर्मासमध्ये यासाठी आतून चांदीसारखा मुलामा देतात. आपल्या नळीला तो दिला तर ऊनही परत फिरेल. नुसता काळा रंग दिला तर तो ऊन छान पितो, पण तापला की ऊबही तितक्याच सढळपणे बाहेर टाकतो.

यातून वाट निघते ती लहरींच्या लांबीमुळे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअस इतका तप्त, म्हणून उन्हातली जवळजवळ सगळी ऊर्जा ०.३ ते २.५ मायक्रॉनच्या आखूड लहरींत असते. आपली नळी साठ-सत्तर अंशांची. तिच्यातून निघणाऱ्या लहरी लांब, साडेआठ मायक्रॉनच्या आसपास. आतल्या नळीवर म्हणून आधी धातूचा चकचकीत थर देतात आणि त्यावर धातूचे बारीक कण मिसळलेला काळा थर. हा काळा थर एका मायक्रॉनहूनही पातळ. आखूड लहरी त्यात अडकतात, उन्हाचे शंभरातले नव्वदहून जास्त भाग शोषले जातात. लांब लहरींना इतका पातळ थर जाणवतच नाही, त्यांच्यापुरता तो खालचा आरसाच असतो. चांगला आरसा किरण टाकण्यात कंजूष असतो. त्यामुळे साध्या काळ्या रंगाच्या मानाने ऊब जाते ती जेमतेम दहावा हिस्सा. एकच पृष्ठभाग उन्हासाठी काळा आणि उबेसाठी आरसा! इतकी वर्षे हा धंदा करतो, तरी ही गोष्ट सांगताना आम्हाला आजही आनंद होतो. दुकानात एक नळी कापून ठेवली आहे, मुलांना घेऊन बघायला या.

आता व्यवहाराचे. बंबाला हवेची उष्णता नको, ऊन हवे. डिसेंबरात सकाळी अंगावर शाल असली तरी आकाश निरभ्र असेल तर पाणी उत्तम तापते. साताऱ्यात तेव्हा भर दुपारीही सूर्य ४९ अंशांपर्यंतच चढतो, म्हणून नळ्या दक्षिणेकडे कलत्या बसवतो. पावसाळ्यात ढग ऊन चहूकडे उधळून टाकतात, थोडेच खाली येते आणि पाणी कोमट राहते. त्या दिवसांत टाकीतली विजेची कॉइल लावावी लागेल. बारा महिने कडक पाण्याची हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला गीझरला सुमारे ४ युनिट वीज लागते. ती उन्हाच्या दिवशी वाचते, हाच खरा हिशोब.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. टाकी रिकामी झाली तर भर उन्हात पाणी सोडू नका. कोरड्या नळीच्या आतली काच २०० अंशांच्या वर जाऊ शकते, गार पाणी लागताच ती तडकते. आमच्याच माणसाने एकदा दुपारी एक वाजता पाणी सोडले आणि तीन नळ्या गेल्या. त्या आम्ही स्वखर्चाने बदलून दिल्या, पण तेव्हापासून नियमच केला: पाणी भरायचे ते उजाडण्याआधी किंवा सूर्य मावळल्यावर.

नळ्यांवरची धूळ महिन्यातून एकदा, सकाळी लवकर, ओल्या फडक्याने पुसा. बोअरचे पाणी असेल तर क्षार साठतात, वर्षातून एकदा टाकी आणि नळ्या धुऊन घ्या.

एखाद्या नळीची शंका आली तर हात लावून ठरवू नका, तिचे खालचे टोक बघा. पोकळीत चुकून राहिलेली हवा शोषून घ्यायला तिथे आतून बेरियम धातूचा मुलामा असतो. तो चांदीसारखा चमकत असेल तर पोकळी शाबूत आहे. चुन्यासारखा पांढरा पडला असेल तर हवा आत शिरली आहे. अशी नळी बाहेरून चांगली गरम लागते. त्या टोकाचा फोटो दुकानात आणून दाखवा, तेवढी एकच नळी बदलून मिळते.