ऑफिसच्या फोनमध्ये ‘लोकल नेटवर्क’चा रकाना आला कुठून?

बेळगावच्या उद्यमबागेत कारखाना आणि हद्दीपलीकडे शिनोळीत दुसरं युनिट, ही मांडणी आपल्या सीमाभागाला नवी नाही. दोन्हीकडचे फोन एकाच आयपी (इंटरनेटच्या पद्धतीने चालणाऱ्या) यंत्रणेवर आणले की एक तक्रार हमखास ऐकू येते: रिंग वाजते, फोन उचलला जातो, पण आवाज एकाच बाजूने येतो. अशा वेळी आधी सेटिंगमधला ‘लोकल नेटवर्क’ हा रकाना बघावा. तो कशासाठी आहे, हे मात्र टेलिफोनच्या नव्हे, इंटरनेटच्या इतिहासात शोधावं लागतं.

जुन्या ईपीएबीएक्सला, म्हणजे ऑफिसातल्या टेलिफोन एक्स्चेंजला, त्याची गरजच नव्हती. तारांची जोडी कुठल्या पोर्टला लावली, त्यावरून एक्स्टेंशन ठरायचं.

इंटरनेटचा तेव्हाचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभर मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं. १९९४ मध्ये ‘नॅट’ची कल्पना कागदावर आली: आतल्या अनेक यंत्रांनी बाहेर एकच सार्वजनिक पत्ता वापरायचा. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमावलीतल्या दस्तऐवजाने खासगी वापराच्या पत्त्यांचे तीन पट्टे निश्चित केले. १९२.१६८ ने सुरू होणारे आपल्या ओळखीचे पत्ते त्यातलेच. इंटरनेटवर ते चालत नाहीत.

१९९९ मध्ये ‘सिप’ ही इंटरनेटवरून फोन जोडण्याची पद्धत प्रमाणित झाली आणि पेच उभा राहिला. सिपमध्ये फोन ‘माझ्यासाठीचा आवाज या पत्त्यावर पाठवा’ असं संदेशाच्या पोटात लिहितो. साधा राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतला मजकूर तसाच जाऊ देतो. त्यामुळे समोरच्याला खासगी पत्ता मिळतो आणि त्याचा आवाज वाटेतच हरवतो. नॅट तोवर जागोजागी बसलं होतं, तरी २००२ च्या सुधारित सिपमध्येही ही रचना कायम राहिली. माझ्या मते इथेच जास्त विचार व्हायला हवा होता, कारण त्याचा भार पुढे छोट्या कार्यालयांत यंत्रणा बसवणाऱ्यांवर पडला.

मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘ॲस्टेरिस्क’ या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरने यावर सरळ तोड काढली. ‘एक्स्टर्नआयपी’ या सेटिंगमध्ये सार्वजनिक पत्ता लिहायचा, ‘लोकलनेट’मध्ये आतली नेटवर्क. पलीकडचा फोन यादीतल्या नेटवर्कवर असेल तर एक्स्चेंज खासगी पत्ता कळवतं, नसेल तर सार्वजनिक. ॲस्टेरिस्कमध्येच सिपसाठी नंतर आलेल्या ‘पीजेसिप’ या भागात नावं थोडी बदलली, तत्त्व तेच राहिलं.

व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीने, जोडलेलं शिनोळीचं नेटवर्क म्हणूनच या यादीत हवं. ते भरायचं राहून गेलं तर एक्स्चेंज त्या फोनना बाहेरचे समजून सार्वजनिक पत्ता देतं. शिवाय दोन्हीकडे राउटर जसाच्या तसा बसवल्याने १९२.१६८.१.० हेच नेटवर्क असेल, तर कुठला फोन कुठे आहे हे राउटरलाच उमगत नाही. आधी एका बाजूला १९२.१६८.२०.० सारखं वेगळं नेटवर्क द्यावं, मग २५५.२५५.२५५.० या मास्कसह (नेटवर्कची व्याप्ती सांगणाऱ्या आकड्यासह) दोन्ही नेटवर्क यादीत भरावीत.