नदी ‘आया’, म्हणे!

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि बेळगावात माझा मोबाइल तापला. कन्नडला तो दर्जा २००८ सालीच मिळालेला. मग थोरली कोण यावर फॉरवर्डांची जुंपली. एकात मराठी कन्नडची लेक, दुसऱ्यात कन्नड मराठीच्या ताटातली उष्टी. अभिजात हा सरकारी दर्जा आहे. आज बोलली जाणारी एक भाषा दुसरीपेक्षा ‘वयानं मोठी’ असं भाषाविज्ञान मानत नाही. पत्रिका मांडून वय काढण्यातलाच हा प्रकार.

मराठी इंडो-आर्य, कन्नड द्राविडी. नातं रक्ताचं नाही, शेजाराचं आहे. आणि शेजार काय करतो ते बघायला मिरजेजवळच्या कुपवाडला जावं. गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ साली या गावावर निबंध छापला. जैन आणि लिंगायतांच्या घरात तेव्हा कानडी, मुसलमानांच्या घरात उर्दू, बाकी बहुतेक मराठी.

पूर आला की एरवीची उर्दू म्हणते ‘नदी आयी’. कुपवाडची उर्दू म्हणते ‘नदी आया’. चूक नाही ही! कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरतं: बाप्या पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी आणि नदी, भाकरी, सायकल सगळं नपुंसक. उर्दूकडे नपुंसकलिंगच नाही, म्हणून तिनं त्या खणात पुल्लिंगी रूप बसवलं. उलटही झालं. ‘इदु निम्म मने’ या प्रमाण कन्नड वाक्यात ‘आहे’ नसतो. कुपवाडची कानडी शेवटी ‘ऐति’ लावते, थेट ‘हे तुमचं घर हाय’च्या चालीवर.

असं का होतं? शब्दांवरून माणूस कुठल्या घरातला ते कळतं, म्हणून शब्द जपले जातात. वाक्याच्या साच्याकडे कुणाचं लक्ष नसतं; दिवसभर तीन भाषांत ये-जा करणारं डोकं एकाच साच्यावर काम भागवतं. मग रूपिमागणिक, म्हणजे शब्दाच्या एकेका अर्थपूर्ण तुकड्यागणिक, भाषांतर जमतं: प्रत्ययाला प्रत्यय, क्रम तोच. याला अभिसरण म्हणतात. एक व्याकरण, तीन शब्दसंग्रह.

आता हे गाव कुठल्या भाषेचं? सीमाप्रश्नात १९५६ पासून हाच प्रश्न विचारला जातोय. महाराष्ट्राची मागणी ‘खेडे हा घटक’ धरून, दावा ८६५ गावांवर. राजकारणाला एका गावाला एक भाषा लागते, हे समजू शकतं. पण अभ्यासकही तोच प्रश्न घेऊन शिलालेख आणि गावांची नावं उकरायला बसले की अभिसरण दिसेनासं होतं. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, वेणू म्हणजे बांबू; हा बांबू कुणाचा, यावर मी तासभर भांडण ऐकलंय. सीमेच्या दोन्ही बाजूंना.

राजकारणानं भाषेच्या अभ्यासात शिरणं सोव्हिएत रशियात टोकाला गेलं. निकोलाय मार हा भाषाशास्त्रज्ञ म्हणायचा, भाषा राष्ट्राची नसून वर्गाची असते, आणि जगातले सगळे शब्द साल, बेर, योन, रोश या चार तुकड्यांतून निघाले. कम्युनिस्ट पक्षाला ते आवडलं. उघड विरोध करणाऱ्या पोलिवानोव या भाषाशास्त्रज्ञाला १९३८ मध्ये गोळी घातली. मग २० जून १९५० रोजी खुद्द स्टालिननं ‘प्रावदा’त लेख लिहून मारचा सिद्धांत मोडीत काढला, आणि कालपर्यंतचे भक्त भराभर फिरले. पुरावा तोच होता, बदलला फक्त लेखक.

आपल्याकडे गोळ्या नाहीत, रकाने आहेत. जनगणनेत मातृभाषा एकच लिहायची. येणाऱ्या इतर भाषांना जागा दोन. ‘नदी आया’ कुठल्या रकान्यात भरायचं?