जठरातील फुग्यानंतरची मळमळ व उलट्या : प्रतिबंध

वजन घटवण्यासाठी जठरात गॅस्ट्रिक बलून, म्हणजे सिलिकॉनचा फुगा बसवल्यावर होणारी मळमळ व ओकारी आटोक्यात ठेवण्याचे उपाय. फुगा एंडोस्कोपीने आत सोडतात आणि त्यात साधारण ४०० ते ७०० मिलिलिटर सलाइन भरतात. बहुतेक फुगे सहा महिन्यांनी काढतात. कॅप्सूलसारखा गिळायचा प्रकारही आहे, तो सुमारे १६ आठवडे राहतो.

जठराची भिंत एकाएकी ताणली जाते, तो ताण व्हेगस मज्जातंतूमार्गे मेंदूतील वांतिकेंद्राला कळतो, शिवाय पोट रिकामे व्हायलाही वेळ लागतो. त्यामुळे पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात. आठवड्याभरात बहुतेकांना उतार पडतो. ‘उलट्या होतात म्हणजे फुगा काम करतो’ हा समज घातक आहे. वारंवार ओकल्याने पाणी व पोटॅशियम कमी होते, आणि त्रास असह्य झाल्याने काहींना फुगा मुदतीआधीच काढावा लागतो.

औषधे आधीच सुरू करावीत, उलटी सुरू झाल्यावर धावाधाव करून फारसा उपयोग होत नाही. ऑन्डानसेट्रॉन, अप्रेपिटंट, डेक्सामेथासोन यांपैकी एकाहून अधिक औषधे डॉक्टर एकत्र देतात, कारण प्रत्येकाचा मार्ग वेगळा. आम्ल कमी करायला पँटोप्राझोलसारखी गोळी, पेटक्यांसाठी ह्योसीन. गिळलेली गोळी बाहेर पडत असेल तर जिभेवर विरघळणारी मागून घ्यावी. ऑन्डानसेट्रॉनने बद्धकोष्ठ होते, आणि हृदयाच्या ठोक्यांचा विकार असणाऱ्याने ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके टाळावीत. फुग्याच्या जोडीला ती जठरात व्रण करू शकतात.

आहाराबाबत गोव्यातील घरांत सोय हाताशी आहे. उकड्या तांदळांच्या पेजेची वरची निवळ गाळून, कोमट करून, चमचाभर प्यायची. काही मिनिटे थांबायचे. राहिली तर पुढचा चमचा. घटाघटा प्यायलेला पेला हमखास परत येतो. शहाळ्याचे पाणी आणि ओआरएसही याच पद्धतीने घ्यावे. किडनीचा आजार असल्यास शहाळे विचारूनच, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते. पुढच्या दिवसांत पातळ तिजान (नाचणीची गोडसर पेज), मग घोटलेली पेज, मग मऊ भात. आंबट-तिखट सोलकढी, सोडा आणि दारू, त्यात उर्राक व फेणीही आली, सुरुवातीला वर्ज्य. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घामानेही पाणी जाते, म्हणून लघवीचा रंग पाहत राहावे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात फुगा बसवून घेऊ नये असे सुचवावेसे वाटते: घरभर नेवऱ्यांचा (करंज्यांचा) वास, पाहुण्यांचा आग्रह, आणि रुग्णाला पाण्याचा घोटही जड.

दिवसभर घोटभर पाणीही टिकले नाही, लघवी गडद वा फार कमी झाली, चक्कर आली, उलटीत रक्त दिसले किंवा पोटात तीव्र दुखले, तर थांबू नये. जवळचे इस्पितळ गाठावे किंवा १०८ ला फोन करावा. शिरेतून सलाइन दिल्यावर अनेकांना लवकर बरे वाटते. उलट्या लांबल्यास थायमिनही (जीवनसत्त्व बी-१) द्यावे लागते. त्याच्या अभावाने मेंदूला इजा होऊ शकते.

आठवडे सुरळीत गेल्यावर अचानक उलट्या परतल्या तर कारण वेगळे असू शकते: फुगा आणखी फुगणे, फुटून आतड्यात अडकणे, स्वादुपिंडाचा दाह किंवा गर्भधारणा. काही फुग्यांतील सलाइनमध्ये निळा रंग मिसळलेला असतो. लघवी हिरवी-निळी दिसली तर तो फुटला असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.