रेणुकेच्या माळेतली कवडी: पार्श्वभूमी

मार्गशीर्षात सौंदत्तीची यात्रा करून आलेले भाविक कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील घेऊन जमतात. चौंडकं वाजत असतं, डोक्यावर जग (देवीची टोपली), कपाळभर भंडारा आणि गळ्यात कवड्यांची माळ. इथून समुद्र घाटाखाली, आणि माळेतल्या बहुतेक कवड्यांचा समुद्र तर त्याहून कितीतरी दूरचा.

कवडी म्हणजे एका सागरी गोगलगायीचं घर. पिल्लाचं कवच पातळ आणि गुंडाळलेलं असतं. वयात आल्यावर त्याची कड आत वळते, खालच्या फटीला दोन्ही बाजूंनी दात येतात. त्यानंतर कवडी लांबीला वाढत नाही, नुसती जाड होत जाते. जिवंतपणी प्राण्याच्या अंगाचा मऊ पडदा कवचावर चढून बसतो, म्हणूनच पाठ इतकी तुकतुकीत राहते. माळ हातात घेऊन पाहा: ओवण्यासाठी बहुतेक कवड्यांची पाठ फोडलेली असते. पिवळसर, कडेला गाठी असलेली ती पैशाची कवडी. पाठीवर नारिंगी कडं असलेली तिची धाकटी बहीण. आणखी एक बारकी, कवडीसारखीच दिसणारी गोगलगाय असते, पण तिच्या पाठीवर आडव्या रेघा उठलेल्या असतात. ती खरी कवडी नव्हे, तिचं कूळच वेगळं.

पैशाची कवडी मुख्यतः मालदीवमधून यायची. तिथल्या उथळ पाण्यात नारळाच्या झावळ्या टाकत, कवड्या त्यांना चिकटत, मग मांस कुजवून कवचं साफ करत. चौदाव्या शतकात तिथे राहिलेल्या इब्न बतूताने हा व्यापार नोंदवला आहे. बंगालमध्ये त्या नाणं म्हणून खपत. पुढे युरोपीय व्यापाऱ्यांनी त्याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेऊन माणसं विकत घेतली. कवडीच्या इतिहासातलं हे सगळ्यात काळं पान, आणि ते गाळून तिची गोष्ट सांगू नये असं मला वाटतं.

आपल्याकडचा हिशेब भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत दिला आहे: 20 कवड्यांची काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला 1280 कवड्या. त्या काळी कोल्हापुरावर शिलाहारांचं राज्य होतं.

समुद्राशी या गावाचं नातं मात्र त्याहून जुनं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत 1940 च्या दशकात पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची ब्राँझची मूर्ती निघाली. ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे, आणि प्रत्येक कोल्हापूरकराने एकदा तरी पाहावी अशी आहे. घाटवाटांनी कोकणच्या बंदरांतून काय काय वर येत होतं, याचा तो धडधडीत पुरावा.

पुढे धातूच्या नाण्यांनी कवडीचं चलन संपवलं, भक्तीतलं स्थान तसंच राहिलं. भवानीचे भुत्ये, गोंधळी, यल्लम्माचे म्हणजेच रेणुकेचे जोगते अशा सगळ्यांनी ती गळ्यात जपली. त्याच माळेआड लहान मुलींना देवाला सोडण्याची प्रथाही चालली. राजर्षी शाहू महाराजांनी 1920 मध्ये संस्थानात जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा केला. राज्याचा देवदासी निर्मूलन कायदा व्हायला 2005 उजाडलं.