मुक्या हायड्रोजनला बोलतं करणारे धातू

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी मंगळसूत्र, करदोटा, साधी सेफ्टीपिनसुद्धा काढून ठेवायला लावतात. एवढं जबरदस्त चुंबक! पण ज्याच्यासाठी हा थाट, त्या शरीरातल्या हायड्रोजनवर त्याची पकड किती? ऐकून हसू येईल इतकी कमी.

हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन, आणि तो स्वतःच एक इवलंसं चुंबक. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजण्याचं एकक) यंत्रात काही प्रोटॉन चुंबकाच्या दिशेने उभे राहतात, काही बरोबर उलटे. दहा लाख प्रोटॉन मोजले तर दोन्ही बाजूंत फरक निघतो जेमतेम पाचाचा. बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात. ३ टेस्लाचं महागडं यंत्र आणलं, तर पाचाचे दहा होतात. अंगात पाणीच इतकं असतं, की एवढ्यावरही चित्र उमटतं. पण पेशीत चिमूटभरच असलेलं एखादं द्रव्य पाहायचं म्हटलं, की हा हिशोब कोलमडतो.

मग चुंबक वाढवण्याऐवजी आधीच शिस्तीत असलेले प्रोटॉन बाहेरून आणले तर?

असे प्रोटॉन हायड्रोजन वायूतच सापडतात. त्याच्या रेणूत दोन प्रोटॉन असतात. दोघांचे स्पिन, म्हणजे त्यांच्या इवल्या चुंबकांच्या दिशा, एकमेकांना जुळलेले असले तर तो ऑर्थोहायड्रोजन, विरुद्ध असले तर पॅराहायड्रोजन. (पाऱ्याशी याचा काही संबंध नाही.) नेहमीच्या तापमानाला चारात तीन रेणू ऑर्थो, एक पॅरा. वायू थंड करत गेलं की रेणूंची गिरकी मंदावते, आणि अजिबात गिरकी न घेण्याची मुभा क्वांटम नियमांनी फक्त पॅराला दिलेली आहे. त्यामुळे थंडीत पॅराचं पारडं जड होतं. गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्य ज्या कॅनमध्ये कांड्या घेऊन येतात, त्यातल्या द्रव नायट्रोजनच्या तापमानाला निम्मे रेणू पॅरा होतात. उणे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास जवळपास सगळेच. मात्र नुसत्या थंडीने हे फार रेंगाळतं. वायू कोळशावरून किंवा गंजाच्या जातकुळीतल्या लोहाच्या ऑक्साइडवरून न्यावा लागतो. १९२९ साली जर्मनीत बोनहोफर आणि हार्टेक यांनी कोळसाच वापरला होता. हायझेनबर्गच्या १९३२च्या नोबेल मानपत्रातही हायड्रोजनच्या या दोन रूपांचा उल्लेख आहे. एकदा कोळसा बाजूला झाला, की वायू पुन्हा उबेला आला तरी चांगल्या सिलिंडरमध्ये पॅरा कित्येक दिवस टिकतो.

अडचण अशी, की हा शिस्तीचा पुतळा मुका असतो. फुगडी घालणाऱ्या दोघी सारख्याच जोराने मागे रेललेल्या असतात, म्हणून जोडी जागची हलत नाही. तसे हे दोन प्रोटॉन. एकाचं चुंबकत्व दुसरा पुरतं पुसतो. बाहेरून संदेश शून्य.

इथे धातू कामाला येतो. ऱ्होडियमचा उत्प्रेरक ते दोन प्रोटॉन उचलून दुसऱ्या एखाद्या रेणूत दोन वेगळ्या जागी बसवतो. शेजार बदलला की दोघांचं सारखेपण संपतं आणि दडलेली शिस्त उघडी पडते: यंत्राने टिपलेल्या संदेशाच्या आलेखावर एक शिखर वर, एक खाली, नेहमीपेक्षा कितीतरी उंच. बॉवर्स आणि वाइटेकॅम्प यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत हे करून दाखवलं, आणि आद्याक्षरं ओढूनताणून जुळवत पद्धतीला आपल्या गावाचंच नाव दिलं, पॅसाडेना.

पण यात हायड्रोजन रेणूला कायमचा चिकटतो, म्हणजे रेणूच बदलतो. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाने त्यावर तोड काढली, आणि मला स्वतःला हीच जास्त आवडते. इरिडियमच्या एकाच अणूवर पॅराहायड्रोजन आणि आपल्याला पाहायचा असलेला रेणू, दोघेही क्षणभर टेकतात. तेवढ्यात शिस्त एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि दोघे सुटतात. रेणू होता तसाच राहतो. पाहायला गेलं तर प्रयोग अगदीच साधा: बोटापेक्षा बारीक नळीत पिवळसर द्रावण, वर पॅराहायड्रोजन, दहा सेकंद हलवायचं आणि झटकन चुंबकात सोडायचं. हलवताना क्षेत्र मात्र नेमकं हवं. प्रोटॉनसाठी काही मिलिटेस्ला लागतात. नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा किंचित जड भाऊ) साठी एका मायक्रोटेस्लाहूनही कमी, म्हणजे चक्क पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा धातूच्या कवचाने अडवावं लागतं.

दवाखान्याच्या दृष्टीने सगळ्यांचं लक्ष आहे पायरुवेटवर, म्हणजे पेशीत साखर फुटताना तयार होणाऱ्या द्रव्यावर. कर्कपेशी ते भराभर लॅक्टेटमध्ये बदलतात, त्यामुळे कार्बन-१३ (कार्बनचा असाच जड भाऊ) घातलेलं पायरुवेट टोचलं तर गाठ कशी वागते ते दिसू शकतं. पण कार्बनची ही शिस्त मिनिटभरात ओसरू लागते, आणि ऱ्होडियम काही कोणाच्या शिरेत सोडता येत नाही. इटलीतल्या तुरीनच्या गटाने २०१५ मध्ये पायरुवेटला एक तात्पुरती शेपटी जोडली. पॅराहायड्रोजन त्या शेपटीला चिकटवला, शिस्त कार्बनपर्यंत पोचवली आणि अल्कली घालून शेपटी तोडली. पायरुवेट पाण्यात उतरलं, धातू पाण्यात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रावकाच्या थरात मागे राहिला.