लव्हाळा, हरळी, कुंदा असेल तर उन्हाळ्यात रोटा नको

दादर (रब्बी ज्वारी) निघाली की फोन सुरू होतात, "रान मोकळं झालंय, रोटा मारून द्या." ही तीन तणं असलेल्या रानात आम्ही रोटाव्हेटर घालत नाही. आमचं भाडं बुडतं, पण पुढच्या वर्षीच्या शिव्या वाचतात.

हरळीच्या काशीला, म्हणजे जमिनीतल्या तिच्या आडव्या खोडाला, पेरापेरावर डोळा असतो. रोटा तिचे तुकडे करून रानभर पेरतो. लव्हाळ्याचं एक ढेकूळ फोडून बघा, बारीक तारेसारख्या मुळीने जोडलेल्या काळ्या गाठी दिसतील. गाठ नखाने कापल्यावर आत पांढरी निघाली तर ती जिवंत आहे. वरचं पातं कितीही उपटा, ती पुन्हा फुटते.

म्हणून जमीन फार कडक होण्याआधी पलटी नांगराने नांगरट करा आणि ढेकळं तशीच उघडी राहू द्या. मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, वर आलेल्या काश्या आणि गाठी त्यात वाळून मरतात. मध्येच वळवाचा पाऊस झाला तर वखराची (माती उकरून तण कापणाऱ्या अवजाराची) एक पाळी द्या. काश्या वेचून कडक वाळवा. त्या उकिरड्यावर टाकल्या तर शेणखताबरोबर परत रानात येतात.

कुंद्याची मुळं खोल नांगरटीच्याही खाली जातात. तिथे कुदळीने खणून वेचण्याला पर्याय नाही. मजुरी लागते, स्वस्तातली युक्ती सापडली तर आम्हालाही कळवा.

पहिल्या पावसावर पेरणीची घाई नको. तण उगवू द्या, वखरा, मग बाजरी किंवा ज्वारी पेरा. लव्हाळा उगवल्यापासून तीनेक आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतो, पिकाच्या ओळींमधलं तण काढणारं कोळपं त्याआधी फिरलं पाहिजे. रान फारच बिघडलं असेल तर खरिपात ताग दाट पेरून फुलोऱ्यात गाडा आणि रब्बीत दादर किंवा हरभरा घ्या. लव्हाळ्याला सावली सोसत नाही.

रासायनिक तणनाशक सेंद्रिय प्रमाणीकरणात चालत नाही. हंगामी पिकांना रूपांतरणाची (रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे येण्याची) किमान २ वर्षं लागतात, एका फवाऱ्यापायी ती पुन्हा मोजावी लागू शकतात.

आमचा नांगर तुमच्या रानातून निघताना फाळाची माती तिथेच खरवडली जाते. ड्रायव्हरला तेवढा वेळ द्या. नांगरट आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत झालेली बरी, तेव्हा नोंद पाडव्यापर्यंत करा. कुंदा असेल तर तेव्हाच सांगा, खोल नांगरटीचा दर वेगळा आहे.